मोबाइलवरचं ‘इंडिका’ म्हणजे आपल्याकडचा गांजाच. बी पेरण्याआधी सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतकऱ्याने हे वाचावं

शिरपूर / चोपडा : पावसाळा सरत आला, कपाशी छातीला लागली, तूर वर निघाली की सातपुड्याच्या पायथ्याला दरवर्षी तीच बातमी येते. कपाशीत, तुरीत नाहीतर मक्यात लपवून लावलेली गांजाची झाडं पोलिसांनी उपटली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरली, पंचनामा झाला. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्याचं नाव या बातम्यांत सारखं येतं. लावणारे मोजके, बदनामी मात्र अख्ख्या तालुक्याची. शिरपूरचं नाव सांगितलं की बाहेरचा माणूस केळी-कपाशीचं विचारायच्या आधी गांजाचीच गोष्ट काढतो.

आता त्यात मोबाइलची भर पडली आहे. रील आणि यूट्यूबवर ‘इंडिका’ नावाच्या वाणाचे व्हिडिओ फिरतात. बुटकं झाड, गच्च कणसासारखी फुलं, त्यावर चकाकणारा चीक. सांगणारा म्हणतो, हा वाण शांत करतो, झोप लावतो, अंग सैल सोडतो, चवीला गोड आणि मातीसारखा. खाली कोणीतरी विचारतं, ‘बी कुठे मिळेल?’ आणि लगेच कोणीतरी नंबर टाकतं. हे व्हिडिओ बहुतेक कॅनडा, अमेरिका किंवा थायलंडचे असतात. कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून मोठ्या माणसाला घरी तीन झाडं लावता येतात. तिथलं बघून इथल्या वावरात बी टाकलं तर गुन्हा शिरपूरच्या नाहीतर चोपड्याच्या ठाण्यात दाखल होतो, कॅनडात नाही.

म्हणून हे इंडिका म्हणजे नेमकं काय, त्याने शरीराला काय होतं, वास-चवीची काय भानगड आहे आणि आपल्याकडे लावलं तर कोणाच्या अंगावर काय येतं, हे जरा सविस्तर.

नाव परदेशी वाटतं, झाड आपलंच

‘इंडिका’ म्हणजे भारतातली. १७८५ मध्ये लामार्क नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून या झाडाला हे नाव दिलं. त्याआधी १७५३ मध्ये लिनियसने युरोपातल्या उंच, वाखाच्या झाडाला ‘सॅटिव्हा’ म्हटलं होतं. म्हणजे ज्याला मोबाइलवर विलायती वाण म्हणून विकतात, त्याच्या नावातच आपला देश आहे.

बाजारात मात्र या नावांचा अर्थ बदलला. रुंद पानांचं, बुटकं, झुडपासारखं, हिंदुकुश डोंगराच्या अफगाण-पाकिस्तान बाजूचं झाड म्हणजे इंडिका. उंच, बारीक पानांचं म्हणजे सॅटिव्हा. इंडिकाने झोप येते आणि सॅटिव्हाने तरतरी येते, असा हिशेब दुकानदारांनी बसवला. पण गेली चाळीस-पन्नास वर्षं या झाडांचे इतके संकर झाले की शुद्ध इंडिका, शुद्ध सॅटिव्हा असं फारसं काही उरलेलं नाही. प्रयोगशाळेत तपासलं तर पाकिटावरचं नाव आणि आतला माल यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. कपाशीच्या बोगस बियाण्याची पिशवी ज्याने एकदा घेतली आहे त्याला हे वेगळं समजवायची गरज नाही. पिशवीवर काय छापलंय त्यापेक्षा आत काय आहे ते महत्त्वाचं.

‘शांत’ वाटतं ते कशाने?

या झाडात शंभराहून जास्त खास रसायनं आहेत. नशा आणणारं मुख्य रसायन म्हणजे टीएचसी. इस्रायलच्या मेशुलाम आणि गाओनी या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ते वेगळं काढलं. दुसरं मोठं रसायन सीबीडी, त्याने नशा होत नाही. झाड बुटकं आहे का उंच, यावर परिणाम ठरत नाही. त्यात टीएचसी किती, सीबीडी किती, माणसाने किती घेतलं, रिकाम्या पोटी घेतलं का, आधीची सवय आहे का, यावर ठरतो.

आपल्या मेंदूत भूक, झोप, आठवण, वेदना, भीती सांभाळणारी एक यंत्रणा आहे. तिच्यासाठी शरीर स्वतःच एक पदार्थ बनवतं. १९९२ मध्ये तो सापडला तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं ‘आनंदामाइड’, आपल्या संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून. टीएचसी याच यंत्रणेच्या कुलपात बनावट किल्लीसारखं बसतं. म्हणून अंग सैल पडतं, वेळ लांबल्यासारखी वाटते, खा-खा सुटते, तोंड कोरडं पडतं, डोळे लाल होतात. त्याच वेळी छातीचे ठोकेही वाढतात. हृदयाचा त्रास असलेल्याला ही ‘शांती’ महागात पडू शकते.

ओढल्यावर परिणाम काही मिनिटांत सुरू होतो आणि दोन-तीन तास राहतो. खाल्ल्यावर किंवा प्यायल्यावर मात्र अर्धा तास ते दोन तास काहीच वाटत नाही. इथेच घोटाळा होतो. शिवरात्रीला, होळीला ‘चढलीच नाही’ म्हणून दुसरा पेला घेणारे लोक मग एकदम आडवे होतात. खाल्लेल्याचा अंमल सहा-आठ तास टिकतो. त्या अवस्थेत मोटरसायकल चालवणं, मोटर चालू करायला विहिरीवर जाणं, मळणीयंत्रापाशी उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ.

जास्त झालं की शांतीच्या जागी भलतंच होतं. घाबरं होतं, कोणीतरी पाठलाग करतंय असं वाटतं, उलट्या होतात. झोपेचंही तसंच. सुरुवातीला लवकर डोळा लागतो, पण रोजची सवय लागली की त्याशिवाय झोपच येत नाही, आणि सोडलं की काही दिवस चिडचिड, घाम, वाईट स्वप्नं. घेणाऱ्यांपैकी साधारण दहात एकाला सवय जडते. कोवळ्या वयात सुरू केलं तर सहात एकाला. ज्यांच्या घराण्यात वेडाचा आजार आहे, त्यांच्यात तो उफाळण्याचा धोका आणखी मोठा.

‘पूर्वीचे बुवा-बाबा चिलीम ओढायचे, त्यांना काय झालं?’ असं पारावर हमखास कोणी म्हणतं. पूर्वीचा गांजा आणि आताचा संकरित माल यात फरक आहे. अमेरिकेत पकडलेल्या मालाची तपासणी वर्षानुवर्षं होते. तिथे १९९५ च्या सुमारास टीएचसी चार टक्क्यांच्या आसपास होतं, २०२१ मध्ये ते पंधरा टक्क्यांवर गेलं. व्हिडिओतल्या वाणांवर तर वीस-पंचवीस टक्के लिहिलेलं असतं. हातभट्टीची धार आणि ताडी एकाच मापाने पिण्यासारखं आहे हे.

गोड, मातीसारखी, लिंबासारखी ‘चव’

चव म्हणून जी सांगतात ती खरी तर वासाची गंमत आहे, आणि ते वास आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत. फुलांवरच्या चिकात सुगंधी तेलं असतात. त्यात मायर्सिन नावाचं एक, ते आंब्यातही असतं. त्याचा वास ओल्या मातीसारखा, थोडा गोडसर. इंडिका म्हणून विकल्या जाणाऱ्या वाणांत हे जास्त असतं आणि म्हणून ‘मातीसारखी चव’ असं लिहितात. लिंबाच्या सालीत असतं ते लिमोनिन. काळ्या मिरीचा झणका देणारं कॅरिओफिलिन. धन्याच्या वासातलं लिनॅलूल. चीड झाडाचा वास पाइनिनचा. यातलं काय किती, यावर वाणाचा वास ठरतो. या वासांमुळेच शांत वाटतं असं विकणारे छातीठोक सांगतात, पण माणसांवर त्याचा भक्कम पुरावा अजून नाही. नाहीतर हापूस खाऊन सगळा गाव पेंगला असता.

आपल्याकडे पिशवीतून जो माल फिरतो त्याला ही वर्णनं लागूही पडत नाहीत. लपूनछपून तोडलेला, घाईत ओलसरच दाबून भरलेला, गोणीत आठवडे पडलेला. त्याला बुरशी येते. ओल्या कडब्याला येतो तसा कुबट वास मारतो. त्यात काय मिसळलंय हे कोणी तपासत नाही, आणि तक्रार करायला ग्राहक मंच तर नाहीच.

खंडव्याचा गांजा आणि ‘गांजा डॉक्टर’

हे पीक आपल्या भागाला नवं नाही. रावेरहून बऱ्हाणपूर ओलांडून पुढे गेलं की खंडवा. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतातला परवान्याचा गांजा या खंडवा-निमाड पट्ट्यात पिकायचा. सरकार लागवडीचा परवाना द्यायचं, माल सरकारी गोदामात जमा व्हायचा आणि त्यावर कर लागायचा. ‘खंडव्याचा गांजा’ हे तेव्हा बाजारातलं नाव होतं.

गांजाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात, पपईसारखी. नशेचा चीक मादीच्या फुलात. नराचा पराग लागला की फुलात बी भरतं आणि मालाची किंमत उतरते. म्हणून बंगालात नौगाव भागात नर झाडं ओळखून उपटायला खास जाणकार माणसं बोलवायचे. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना चक्क ‘गांजा डॉक्टर’ म्हटलं आहे.

१८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने या सगळ्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. हजाराहून जास्त साक्षी झाल्या, अहवालाचे सात खंड झाले. थोड्या प्रमाणात घेणाऱ्यांना मोठं नुकसान दिसत नाही, जास्त घेणाऱ्यांना होतं, आणि एकदम बंदीपेक्षा कर आणि परवान्याने आवर घालावा, असा त्याचा निष्कर्ष होता. गांजा कायदेशीर करा म्हणणारे आजही हा अहवाल पुढे करतात. तो वाद दिल्लीत आणि न्यायालयात चालू राहील. सव्वाशे वर्षांपूर्वीचा अहवाल दाखवून आजच्या पंचनाम्यातून मात्र कोणी सुटत नाही.

कारण १४ नोव्हेंबर १९८५ पासून देशात एनडीपीएस कायदा लागू आहे.

अंबाडी, ताग आणि गांजा : गल्लत नको

ओळख पटवण्यात लोकांची फसगत होते ती अंबाडीमुळे. अंबाडीचं पान लांबून अगदी गांजासारखं दिसतं. तिच्या शास्त्रीय नावातच ‘गांजासारखी’ असा अर्थ आहे. पण अंबाडी ही कपाशी आणि भेंडीच्या कुळातली. तिचं एकच पान असतं, ते बोटांसारखं फाटलेलं. पान चावलं तर आंबट. फूल मोठं, फिकट पिवळं, आत गडद लाल डोळा, भेंडीच्या फुलासारखं. गांजाचं तसं नाही. एका देठाच्या टोकावरून पाच, सात किंवा नऊ वेगळी लांबट पानं पंख्यासारखी फुटतात, प्रत्येकाच्या कडेला करवतीसारखे दात. फूल रंगीत नसतं, हिरवट झुपकेच असतात, हाताला चिकटतात आणि वास उग्र येतो. बांधावरच्या अंबाडीचा फोटो काढून ‘अमक्याच्या वावरात गांजा’ म्हणून गावाच्या ग्रुपवर टाकू नका. एखाद्याची अब्रू फुकट जाते.

दुसरा गोंधळ ताग. हिरवळीच्या खतासाठी आपण पेरतो त्या तागाला इंग्रजीत ‘सन हेंप’ म्हणतात. बियाण्याच्या पिशवीवर ‘हेंप’ वाचून काहीजण दचकतात. ताग हे शेंगवर्गीय पीक आहे, पिवळ्या फुलांचं. त्याचा गांजाशी काही संबंध नाही. बिनधास्त पेरा.

एक झाड असो की एक हजार

आता मुख्य मुद्दा. गांजा जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात वजन बघतात. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक ते वीस किलोच्या मध्ये दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. वीस किलोपेक्षा जास्त म्हणजे व्यापारी प्रमाण, तिथे कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षं, दंड एक ते दोन लाख. व्यापारी प्रमाणात कलम ३७ लागतं आणि जामीन मिळणं फार अवघड होतं.

लागवडीचं कलम वेगळं आहे. कलम २० (अ). त्यात किलो नाही, झाडांची संख्या नाही. लागवड केली की दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ‘घरापुरतं एकच झाड लावलं होतं’ हे ऐकायला साधं वाटतं, पण कलम तेच लागतं.

वजनावरून न्यायालयात भांडण होतं हेही खरं. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बी त्यात धरत नाहीत. मुळासकट, खोडासकट अख्खी झाडं काट्यावर टाकून वजन दाखवलं, म्हणून उच्च न्यायालयांनी काही प्रकरणांत जामीन दिले आहेत. पण तिथवर पोहोचायला वकील लागतो, तारखा लागतात आणि त्या महिन्यांत घरचा माणूस आत असतो. वेचणीला आलेली कपाशी कोणासाठी थांबत नाही.

पानांची भांग या केंद्रीय कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून काही राज्यांत तिची सरकारी दुकानं आहेत. महाराष्ट्रात तिच्यावर दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहे. आणि पानं भांगेची म्हणून झाड लावलं, ही सबब चालत नाही. झाड तेच.

बटाईने दिलंय, आम्ही सुरतला असतो

खान्देशातल्या किती घरांची ही गत आहे. पोरं सुरतला, नाशिकला, पुण्याला. वावर बटाईने किंवा ठोक्याने दिलेलं. सातबारा बापाच्या नाहीतर मोठ्या भावाच्या नावावर. वर्षातून दोनदा येणं होतं, एकदा लग्नसराईत आणि एकदा दिवाळीला.

कायद्याचं कलम ५४ सांगतं की जो माणूस जमीन कसतो, त्याच्या वावरात गांजाचं झाड सापडलं आणि त्याला समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर गुन्हा त्यानेच केला असं न्यायालय धरून चालू शकतं. म्हणजे आधी बटाईदार सापडतो. पण मालकही मोकळा नाही. कलम ४६ प्रमाणे आपल्या जमिनीत बेकायदा गांजा लावलाय हे समजल्यावर जमीनधारकाने लगेच पोलिसांना कळवायचं आहे. माहीत असून कळवलं नाही तर तोही शिक्षेला पात्र. जाणूनबुजून जमीन वापरू दिली तर कलम २५ आहे, त्यात मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा. कलम ४७ तर सरपंच, पंच आणि गावच्या सगळ्या अधिकाऱ्यांवर ही जबाबदारी टाकतं. ‘गावात चर्चा होती, पण आम्हाला काय करायचंय’ असं म्हणायची सोय पोलीस पाटलाला नाही आणि सरपंचालाही नाही.

त्यामुळे बटाईचा व्यवहार तोंडी ठेवू नका. साध्या कागदावर का होईना, कोणाला, किती क्षेत्र, कोणत्या पिकासाठी, कोणत्या तारखेपासून दिलं ते लिहा. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. ई-पीक पाहणी वेळेवर करा आणि फोटो खरोखर आपल्या वावरात उभं राहून काढा. अनुदान आणि विम्यासाठी ती लागतेच, पण वावरात काय पीक होतं याची ती तारखेसह नोंदही आहे. आणि पावसाळ्यानंतर एक फेरी मधल्या ओळींपर्यंत मारा, नुसती बांधावरून नको. लपवलेलं झाड बांधावर नसतं. कपाशीच्या चार-पाच ओळी आत असतं.

वनजमिनीवर पट्टा मिळालेल्या किंवा दावा टाकलेल्या आदिवासी बांधवांना तर दुप्पट सावध राहावं लागेल. बाहेरचा माणूस डोंगरातली आडबाजूची जमीन बघूनच येतो. पकडलं गेलं की त्याचं नाव कोणालाच माहीत नसतं. जागेवर सापडतो तो राखणीला बसलेला मजूर नाहीतर पट्टेदार.

पैसा कोणाच्या खिशात

बोंडअळी, पडलेले भाव, वेचणीची मजुरी, खताच्या किमती. कपाशीचं गणित बिघडलेल्या घरात कोणी उचल घेऊन आला तर मन डळमळतं, यात नवल नाही. व्यवहार साधारण असा असतो : बी त्याचं, उचल त्याची, माल उचलायला गाडीही त्याची. जमीन, पाणी, राखण आणि नाव तुमचं. बातम्यांत जो लाखा-कोटींचा आकडा छापून येतो तो शहरातल्या किरकोळ विक्रीच्या भावाने काढलेला असतो. बांधावर त्यातला चिमूटभर मिळतो. शिरपूरमधून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश. माल निघाला की तो काही तासांत दुसऱ्या राज्यात. वावर मात्र जागेवरच राहतं.

सापडला तर पीक जप्त, भावाचा हट्ट करायला जागा नाही. पुढच्या पार्टीने पैसे बुडवले तर कोणत्या पोलीस ठाण्यात जाणार? गाडीही जाते. माल वाहिलेली पिकअप किंवा ट्रॅक्टर जप्तीला पात्र असतो आणि मालकाला आपल्याला माहीत नव्हतं, आपण काळजी घेतली होती, हे सिद्ध करावं लागतं. बँकेचे हप्ते चालू असतील तर ते चालूच राहतात.

पूर्वी आडवाटेमुळे काही वर्षं निभून जायचं. आता ड्रोन आहेत, आणि ड्रोन नसला तरी वास आहे. फुलावर आलेलं झाड वाऱ्याच्या दिशेने सगळ्या शिवाराला सांगतं.

‘हेंपचा परवाना काढून देतो’

दुसरी नवी टूम म्हणजे परवान्याची. ‘उत्तराखंडमध्ये चालू झालंय, तुम्हालाही काढून देतो, नोंदणी फी भरा.’ यातला अर्धा भाग खरा आहे म्हणून लोक फसतात. एनडीपीएस कायद्याच्या कलम १४ मध्ये वाख, बी किंवा बागायती कामासाठी लागवडीला परवानगी द्यायची तरतूद आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक हेंपचा परवाना दिला. त्यात टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी असावं लागतं. म्हणजे जवळपास नशा नसलेलं झाड, वाखासाठी आणि बियांसाठी. रीलमधल्या इंडिकाचा आणि त्याचा काही मेळ नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेंपचं बी आणि तेल अन्न म्हणून मान्य केलं, तेही ठरलेल्या मर्यादेत. पण दुकानातलं बी खाणं वेगळं आणि वावरात पेरणं वेगळं.

महाराष्ट्रात सामान्य शेतकऱ्याला असा परवाना देणारी व्यवस्था आजघडीला चालू नाही. असा कोणी पैसे मागत असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे आणि तहसीलला विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका. गुगल-पे केलेला पैसा परत येत नाही, आणि कागद खोटा निघाला की गुन्हा आपल्याच वावरावर.

झाड दिसलं तर, आणि घरात कोणी अडकलं असेल तर

बांधावर, नाल्याच्या काठाला, मधल्या ओळीत असं झाड दिसलं, आपण लावलेलं नाही, तर गुपचूप उपटून घरी आणू नका, बाजूला वाळतही टाकू नका. हातात सापडलं तर खुलासा करणं आणखी अवघड. जागेवर तसंच ठेवा, तारीख-वेळेसह फोटो काढा आणि ११२ वर किंवा जवळच्या ठाण्यात कळवा. पोलीस पाटलाला आणि तलाठ्याला सांगा. लेखी अर्ज दिला तर पोच घ्या, ती जपून ठेवा. अमली पदार्थांची माहिती देण्यासाठी १९३३ ही राष्ट्रीय हेल्पलाइन जुलै २०२४ पासून चालू आहे. खबर कोणी दिली हे सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही, तसं कायद्याच्या कलम ६८ मध्ये लिहिलेलं आहे.

घरातला पोरगा ओढायला लागला असेल तर मारझोड करून किंवा कोंडून उपयोग होत नाही. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. मन अस्वस्थ असेल, झोप उडाली असेल, भास होत असतील तर १४४१६ वर टेली-मानसचे समुपदेशक बोलतात. धुळे आणि जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या, थोड्या प्रमाणात घेणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४-अ मध्ये खटल्यापासून सवलत आहे, अट एवढीच की उपचार पूर्ण करायचे.

आणि कोणावर गुन्हा दाखल झालाच असेल, वकिलाला पैसे नसतील, तर १५१०० वर कायदेशीर मदत मिळते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे करायचा.